पोकळीतून कपाटात: दख्खनच्या स्फटिकांची दीडशे वर्षे

1856 ते 1863 या काळात जी.आय.पी. रेल्वेने बोरघाट खोदला. सुरुंगांनी काळा पाषाण फुटला आणि त्याच्या पोकळ्यांतले अपोफिलाइट व झिओलाइट यांचे स्फटिक मोठ्या प्रमाणावर उजेडात आले. त्यांतले निवडक नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमपर्यंत पोचले. बाकीचे बहुधा खडीबरोबर भरावातच गेले असणार.

तोच पाषाण घाटमाथ्यावरून पूर्वेला नीरेच्या खोऱ्यापर्यंत पसरलेला आहे. बारामती तालुक्यातल्या वडगाव निंबाळकरच्या शिवारात विहीर पाडायची म्हटली, की आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि खाली काळा दगड, हा क्रम जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. दख्खनच्या अशा विहिरींच्या मलब्यात अधूनमधून चमकणारा तुकडा सापडतो. सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हणायचे, त्यातली देखणी देव्हाऱ्यात किंवा टीव्हीच्या कपाटात ठेवायची, ही रीत जुनीच. मूळ लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोटात अंधारात, ओलाव्यात निवांत राहिलेला स्फटिक घरात आल्यावर दहा-वीस वर्षांतच भुगा होऊ शकतो. खाणीत सुरुंगाने फुटतात त्यांची हळहळ सगळ्यांनाच वाटते. घरात काचेआड नासणाऱ्यांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

कुठे काय सापडते, याचा नीट आराखडा 1974 मध्ये सुखेश्वाला, आवासिया आणि गंगोपाध्याय यांनी मांडला. पश्चिम भारतातल्या या खडकांचे त्यांनी तीन पट्टे पाडले. किनाऱ्याकडे लॉमोंटाइटचा, मग स्कोलेसाइटचा आणि पूर्वेकडे ह्यूलंडाइटचा. हा निबंध लिहिला गेला तो भूवैज्ञानिकांसाठी. पण घरी नमुने ठेवणाऱ्याच्याही तो फार कामाचा आहे, कारण या तिघांचे स्वभाव अगदी वेगळे.

लॉमोंटाइट सगळ्यांत हळवा. त्याच्या सांगाड्यात पाण्याचे रेणू बसलेले असतात आणि कोरड्या हवेत ते निघून जातात. पारदर्शक कांडी आधी दुधाळ होते, मग तिला बारीक चिरा पडतात आणि शेवटी बोट लावले तरी पीठ होते. पाणी परत देता येते, पण फुटलेली कांडी पुन्हा सांधत नाही. म्हणून जाणकार संग्राहक तो घट्ट झाकणाच्या डबीत, शेजारी ओलसर कापसाचा बोळा ठेवून जपतात. काही जण अॅक्रिलिक रेझिनचा पातळ हात देतात. इथेच घरोघरी एक घात होतो. बुटांच्या किंवा कॅमेऱ्याच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी चांगली म्हणून सरसकट प्रत्येक खणात टाकली जाते. पायराइटला ती अमृतासारखी, कारण दमट हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्ल तयार होते आणि ते खालचे लेबल आणि खोकेही खाऊन टाकते. लॉमोंटाइटला मात्र तीच पुडी विष. बारामती-इंदापूरचा भाग पर्जन्यछायेतला. वैशाखातला रखरखाट आणि श्रावणातली दमट हवा, दोन्ही टोकांची. एकच कपाट उन्हाळ्यात एकाला मारते आणि पावसाळ्यात दुसऱ्याला. स्वतंत्र डब्या करण्याला पर्याय नाही.

खनिजांच्या निगेचे शास्त्र जगातही तसे अलीकडचेच. हावी यांनी संपादित केलेला भूशास्त्रीय नमुन्यांच्या जपणुकीवरचा ग्रंथ 1992 मध्ये आला. त्यात तापमान आणि आर्द्रतेला बळी पडणाऱ्या खनिजांवर कॅनडाच्या रॉबर्ट वॉलर यांचे प्रकरण आहे. तोवर बहुतेकांची भिस्त अनुभवावरच होती.

नीरेच्या खोऱ्याने मिठाचा अनुभव तर फार जवळून घेतलेला आहे. कालव्याचे पाणी आले, ऊस आला आणि निचरा नसलेल्या जमिनी खारवट, चोपण झाल्या. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांची नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवरची सरकारी पुस्तिका 1910 सालची आहे. बोअरच्या जड पाण्याने धुतलेला नमुना वाळला, की त्याच क्षारांची पांढरी साय स्फटिकांच्या फटींत बसते, भिंतीला लोणा लागावा तशी. मग ती काढायला फरशीचे अॅसिड ओतले जाते, आणि त्यात कॅल्साइट फसफसून विरते, स्कोलेसाइटसारखे झिओलाइट चिकट होऊन खलास होतात. शेवटचे पाणी डिस्टिल्ड घेतले, तर पुढचा सगळा खटाटोप वाचतो. ते कोमटही नको. अपोफिलाइट उष्णतेच्या झटक्याने पापुद्र्यांत सुटतो, खिडकीतल्या कडक उन्हानेसुद्धा.

मुंबईच्या मालाड-कांदिवलीच्या खाणींतला ओकेनाइट म्हणजे पोकळीत वाढलेला पांढराशुभ्र कापूस. त्याला फक्त बघायचे. एकदा बोट फिरले, की केस चपटे होतात ते कायमचे. पाण्याचा थेंब पडला तर गुंता होतो. धूळ झटकायलाही ब्रश चालत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून झाकण हवे. स्कोलेसाइटच्या सुयांचेही तसेच. कापसात गुंडाळून पाठवले तर धागे सुयांत अडकतात आणि सोडवताना सुया मोडतात.

ज्याच्यासाठी जग पुण्याकडे वळले, तो कॅव्हॅन्साइट. ऑरेगनमधल्या नमुन्यांवरून 1973 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, पण जगातले सर्वोत्तम निळे गोळे निघाले वाघोलीच्या खाणींतून. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आले आणि परदेशी संग्राहकांची रीघ लागली. त्याचा रंग रिअलगारसारखा उजेडाने बिघडत नाही. बैठकीपासून गोळा निखळून पडणे, हीच त्याची भीती. वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेली. खाणींच्या परिसरात इमारती उभ्या राहत आहेत, तेव्हा कपाटांतल्या नमुन्यांचे मोल वाढणारच.

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ही सारी मंडळी काचेआड, दिव्यांखाली नीट मांडलेली पाहता येतात. घरच्या कपाटात मात्र आणखी एक झीज चालू असते, ती चिठ्ठीची. पुण्याच्या नावाने 1831 मध्ये ‘पूनाहलाइट’ हे नवे खनिज जाहीर झाले होते. नंतरच्या तपासणीत ते मेसोलाइट ठरले. हा उलगडा झाला तो नमुना आणि त्याचे गाव, दोन्ही टिकल्यामुळे. सुटी चिठ्ठी कसर खाते, शाई उडते, घर बदलताना खोकी एकमेकांत मिसळतात. म्हणून दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्यावा, त्यावर पक्क्या शाईने क्रमांक टाकावा आणि वहीत त्याच क्रमांकापुढे गाव, गट नंबर, विहिरीची खोली, थर मुरमाचा की काळ्या दगडाचा, आणि साल लिहून ठेवावे.