पर्यटकांना मद्य पुरविण्याचे नियम (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात सहल, फार्महाऊसवरील मुक्काम, कृषी पर्यटन, द्राक्षमळ्यांची भेट यांसारख्या आयोजित उपक्रमांत पाहुण्यांना मद्य देण्यावर प्रामुख्याने महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ चे नियंत्रण आहे. मद्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, तर परवान्याची गरज नाही, असा समज आयोजकांत आढळतो. तो चुकीचा आहे. या अधिनियमातील व्याख्येनुसार ‘विक्री’ या शब्दात भेट म्हणून केलेले हस्तांतरणही येते आणि ‘खरेदी’ या शब्दात भेट म्हणून स्वीकारणेही येते. त्यामुळे सहलीच्या शुल्कात धरलेला किंवा ‘स्वागतपेय’ म्हणून दिलेला पेलाही कायद्याच्या कक्षेत येतो.

== पार्श्वभूमी ==

हा कायदा तत्कालीन मुंबई राज्यात ‘मुंबई दारूबंदी अधिनियम’ या नावाने १६ जून १९४९ रोजी अमलात आला. १९५१ साली ‘मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी अवैध ठरवल्या, मात्र कायद्याचा गाभा कायम ठेवला. पुढे राज्याने संपूर्ण दारूबंदीचे धोरण सोडले, तरी कायदा रद्द झाला नाही. मद्य बाळगणे, पिणे, विकणे आणि वाहून नेणे यांना मूलतः मनाई आणि परवान्याद्वारे सूट, अशी त्याची रचना आजही आहे. २०१२ मधील दुरुस्तीने कायद्याच्या नावातील ‘मुंबई’ऐवजी ‘महाराष्ट्र’ हा शब्द आला. अंमलबजावणी राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि पोलीस करतात.

== परवाना आणि अनुज्ञप्ती ==

मद्य पिणाऱ्याकडे वैयक्तिक परवाना असावा लागतो. तो एक दिवसाचा, वार्षिक किंवा आजीवन मिळतो. परराज्यांतील व परदेशी पाहुण्यांसाठी अधिनियमात अभ्यागत परवाना व पर्यटक परवाना अशा स्वतंत्र तरतुदी आहेत. परवानाधारकाने आपल्याजवळचे मद्य परवाना नसलेल्या व्यक्तीस पिऊ देणे निषिद्ध आहे.

मद्य पुरविणाऱ्यास अनुज्ञप्ती घ्यावी लागते. ‘परमिट रूम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपाहारगृहांना व हॉटेलांना एफ.एल.-३, तर क्लबांना एफ.एल.-४ या नमुन्यात अनुज्ञप्ती मिळते. एखाद्या समारंभापुरती एक दिवसाची तात्पुरती अनुज्ञप्तीही दिली जाते. अनुज्ञप्ती ठरावीक जागेसाठी असते. त्यामुळे एका हॉटेलच्या अनुज्ञप्तीवर दुसऱ्या ठिकाणच्या शिबिरात किंवा नौकेवर मद्य देता येत नाही.

== पाहुण्यांनी स्वतः आणलेले मद्य ==

‘मद्य पाहुण्यांनी आणले, आम्ही फक्त जागा दिली’ हा बचावही पुरेसा नाही. जागेचा मालक, भोगवटादार किंवा व्यवस्थापक यांच्या लाभासाठी जेथे मद्यपान करू दिले जाते, अशी जागा अधिनियमाच्या व्याख्येत ‘सार्वजनिक मद्यपानगृह’ ठरते. हा लाभ मद्याच्या किमतीतून, जागेच्या भाड्यातून किंवा इतर सोयींच्या आकारातून झाला तरी फरक पडत नाही. असे ठिकाण चालवणाऱ्यावर कलम ६८ खाली, तर तेथे मद्यपान करताना आढळलेल्यांवर कलम ८४ खाली कारवाई होते. विनापरवाना ढाब्यांवरील छाप्यांत हीच कलमे लावली जातात.

== वयोमर्यादा ==

महाराष्ट्रात सौम्य बिअर व वाईनसाठी २१ वर्षे आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. गोव्यात ती २१ वर्षे असल्याने तेथून येणाऱ्या गटांचा गोंधळ होतो. १८ वर्षांखालील बालकास मादक पेय देणे हा बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार गुन्हा असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कौटुंबिक सहलींच्या आयोजकांसाठी ही तरतूद विशेष महत्त्वाची ठरते.

== मद्याचा स्रोत ==

मद्य अनुज्ञप्तीधारक दुकानातूनच घ्यावे लागते. गोव्यात विक्रीसाठी असलेले मद्य आवश्यक परवान्याविना महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे. ‘स्थानिक अनुभव’ म्हणून गावठी किंवा मोहाची दारू देणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय जीवावर बेतणारे आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने १०० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला. ताडीच्या विक्रीसही अनुज्ञप्ती लागते.

नाशिक परिसरातील वाईन पर्यटनाला राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने चालना मिळाली. सुला विनयार्ड्सने २००५ साली पर्यटकांसाठी वाईन चाखण्याचे दालन सुरू केले. अशा ठिकाणी मद्य देण्याची अनुज्ञप्ती वाईनरीकडे असते. सहल आयोजकास त्यातून बसमध्ये किंवा मुक्कामी मद्य देण्याचा अधिकार मिळत नाही.

== कोरडा दिवस ==

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर यांसह शासनाने जाहीर केलेल्या दिवशी मद्यविक्री बंद असते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३५-क नुसार मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीच्या ४८ तासांत मतदान क्षेत्रातील सार्वजनिक वा खाजगी अशा कोणत्याही ठिकाणी मद्य विकणे, देणे किंवा वाटणे निषिद्ध आहे.

== प्रवास आणि सार्वजनिक ठिकाणे ==

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असलेल्या चालकास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम १८८ नुसार या गुन्ह्यास चिथावणी देणाराही शिक्षेस पात्र असतो. रेल्वेगाडीत किंवा स्थानकात नशेत असणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४५ खाली गुन्हा आहे. गडकिल्ल्यांवर मद्यपान करून गैरवर्तन करणाऱ्यांवर दारूबंदी अधिनियमाच्या कलम ८५ खाली कारवाई होते.

== ठाकुर्ली व कल्याण-डोंबिवली परिसर ==

डोंबिवली व कल्याण यांदरम्यानचे ठाकुर्ली हे मध्य रेल्वेचे उपनगरी स्थानक ठाणे जिल्ह्यात आहे. येथून एका दिवसाच्या सहली टिटवाळा, खडवली, मुरबाड, माळशेज घाट, तसेच कर्जत व नाशिककडे जातात. तात्पुरत्या अनुज्ञप्तीसाठी आयोजकाचा पत्ता नव्हे, तर कार्यक्रमाची जागा विचारात घेतली जाते. ठाकुर्लीतील आयोजकाचा कार्यक्रम कर्जतला असल्यास अर्ज रायगड जिल्ह्याच्या कार्यालयाकडे करावा लागतो.

पावसाळ्यात धबधबे व नदीकाठांवर बुडून होणारे मृत्यू लक्षात घेऊन ठाणे जिल्हा प्रशासन ठरावीक ठिकाणी मनाई आदेश काढते. पाण्यात उतरण्याबरोबरच मद्य बाळगणे, पिणे व विकणे यांवरही त्यांत बंदी असते. पूर्वी असे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेश लागू असलेल्या ठिकाणी वैयक्तिक परवाना असला तरी मद्यपानाची मुभा मिळत नाही.