टिंग वाजते, पण ऐकू येत नाही

लिनक्सवर वायरलेस हेडफोन लावून काम करणाऱ्यांची एक तक्रार पहिल्यांदा ऐकताना जरा चमत्कारिकच वाटते. गाणं चालू असलं की मेल आल्याची, मेसेज आल्याची टिंग व्यवस्थित ऐकू येते. गाणं थांबवून माणूस निवांत कामाला बसला, की मात्र एकही टिंग कानावर पडत नाही. पडद्यावर सूचना उमटते आणि जाते, हेडफोन गप्प. संशय आधी हेडफोनवर जातो, मग ब्लूटूथवर. जोडणी तोडून पुन्हा जोडली की टिंग येते, प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.

गोंगाटात ऐकू येणारा आवाज शांततेत हरवतो, ही या दुखण्याची खूण. ती ओळखली की अर्धं काम झालं.

आज बहुतेक लिनक्स डेस्कटॉपवर आवाजाचा कारभार पाइपवायर हा प्रोग्रॅम सांभाळतो. रेड हॅट कंपनीतले विम टायमन्स यांनी त्याची सुरुवात केली. फेडोराने २०२१ साली आपल्या ३४व्या आवृत्तीत तो स्वीकारला, उबुंटूने २०२२च्या ऑक्टोबरात. त्याआधी हे काम पल्सऑडिओ करत असे. पाइपवायरच्या जोडीला वायरप्लंबर असतो. कुठला आवाज कुठल्या यंत्राकडे पाठवायचा, कुठलं यंत्र कधी चालू ठेवायचं, हे तो ठरवतो. ब्लूटूथची बाजू ब्लूझेड सांभाळतो. मेल आल्यापासून ती टिंग कानात पडेपर्यंत एवढ्या जणांच्या हातून जाते, आणि यातल्या एकाला काटकसरीची सवय आहे.

हेडफोनकडे पाच सेकंद काहीच पाठवलं गेलं नाही, तर वायरप्लंबर तो मार्ग झोपवून टाकतो. पल्सऑडिओही पाच सेकंदांचाच हिशेब ठेवत असे. यात गैर काही नाही. ब्लूटूथवरून सतत शांतता पाठवत राहणं म्हणजे लॅपटॉपची आणि हेडफोनची, दोघांचीही बॅटरी फुकट घालवणं. घोटाळा होतो तो जागं होताना. नवा आवाज आला की लॅपटॉप हेडफोनला पुन्हा प्रवाह सुरू करायला सांगतो, हेडफोन आपला साठा भरून घेतो, काही हेडफोन तर सुरुवातीचा खरखराट टाळण्यासाठी पहिला क्षणभर मुद्दाम मुकेच राहतात. यात पाव-अर्धा सेकंद सहज जातो. गाण्याला त्याचं काही वाटत नाही, पहिला सूर जरासा कापला गेला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. सूचनेचा आवाज मात्र जेमतेम तेवढाच असतो. सोसायटीच्या जिन्यातला सेन्सरचा दिवा पहिल्या दोन पायऱ्या अंधारात गेल्यावर लागतो. इथे जिनाच दोन पायऱ्यांचा आहे.

संगणकाच्या दृष्टीने आवाज वाजलेला असतो. त्यामुळे कुठेही चूक नोंदली जात नाही, आणि शोधणारा माणूस सेटिंगची पानं उलटत बसतो.

खात्री करून घेणं अवघड नाही. टर्मिनल उघडून ‘पॅक्टल लिस्ट शॉर्ट सिंक्स’ ही आज्ञा दिली की आवाज बाहेर जाण्याच्या वाटांची यादी येते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या वाटेची अवस्था दिसते. गाणं चालू असताना हेडफोनच्या ओळीत ‘रनिंग’ असतं. गाणं थांबवून लगेच तीच आज्ञा दिली तर ‘आयडल’. आणखी थोडं थांबून दिली तर ‘सस्पेंडेड’. या शेवटच्या अवस्थेत टिंग वाजवली आणि ऐकू आली नाही, पण लगोलग दुसरी वाजवली आणि ती आली, तर चोर सापडला.

दुसरीही आली नाही, तर मात्र वेगळीकडे बघायला हवं. ग्नोममध्ये ध्वनीच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या पातळ्यांची यादी असते, तिथे सिस्टिमच्या आवाजांची पट्टी स्वतंत्र असते. कधीतरी मीटिंगच्या गडबडीत ती खाली ओढलेली असते, आणि संगणक ती गोष्ट इमानेइतबारे लक्षात ठेवतो, माणूस विसरतो. केडीईतही सूचनांच्या आवाजाची पट्टी निराळी आहे. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू राहिलेलं असण्याची शक्यता तर आहेच. शिवाय लिनक्सवर सूचना आली म्हणजे ती वाजलीच पाहिजे असा नियम नाही. आवाज हवा हे सूचना पाठवणाऱ्या ॲपने सांगावं लागतं, आणि कित्येक ॲप ते सांगतच नाहीत.

एकाच वेळी फोनला आणि लॅपटॉपला जोडले जाणारे हेडफोन हे आणखी निराळं प्रकरण. हे हेडफोन साधारणपणे एका वेळी एकाचंच ऐकतात. फोनवर व्हिडिओ चालू असेल, तर लॅपटॉपची टिंग दारातच थांबते. त्यावर लिनक्समध्ये उपाय शोधण्यात अर्थ नाही. दुहेरी जोडणी बंद करणं किंवा फोनवरच ऐकणं, एवढंच हातात असतं.

मूळ दुखणं झोपेचंच असेल, तर इलाज वायरप्लंबरच्या सेटिंगमध्ये आहे. घरच्या फोल्डरमधल्या लपलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात त्याच्यासाठी एक छोटी फाइल करायची, ब्लूटूथवरून बाहेर जाणाऱ्या आवाजासाठी नियम लिहायचा आणि झोपण्याआधीची मुदत, जिचं नाव तिथे ‘सस्पेंड टाइमआउट’ असं आहे, ती बदलायची. शून्य लिहिलं तर मार्ग कधीच झोपत नाही. मग वायरप्लंबर पुन्हा सुरू केला की झालं. एक सावधगिरी: २०२४ साली आलेल्या ०.५ आवृत्तीपासून या फाइलची लिहिण्याची पद्धतच बदलली. त्याआधी ती लुआ भाषेत लिहावी लागे. जुनी कृती नव्या आवृत्तीत चिकटवली तर काहीच घडत नाही, आणि उपायच चुकीचा होता असा समज होतो. म्हणून आधी आपली आवृत्ती बघावी.

शून्य मात्र सगळ्यांनी लिहू नये. हेडफोनला शांतताही सतत मिळत राहिली की त्याची बॅटरी लवकर उतरते, आणि काही वेळ आवाज आला नाही तर आपोआप बंद होण्याची त्याची सोयही बहुधा निकामी होते. दिवसभर टेबलाशी बसणाऱ्याला ते परवडतं, कारण चार्जर हाताशी असतो. इतरांनी पाच सेकंदांऐवजी सहाशे लिहावेत. दहा मिनिटांच्या शांततेनंतरची पहिली टिंग तेवढी हुकेल.

सेटिंगच्या फाइलला हात लावायचा नसेल, तर साधी युक्ती आहे. सूचनेचा आवाजही शेवटी एक फाइलच असते. ती ऑडॅसिटीत उघडून सुरुवातीला पाऊण सेकंदाची शांतता जोडायची आणि सूचनेसाठी हा नवा आवाज निवडायचा. केडीईमध्ये सूचनेगणिक हवी ती फाइल देता येते, ग्नोममध्ये त्यासाठी स्वतःची ध्वनीथीम करावी लागते. मग हेडफोनने जागं व्हायला वेळ घेतला, तरी कापली जाते ती जोडलेली शांतता.