आजीचा आवाज तुटू नये म्हणून : ब्राउझरमधला व्हिडिओ कॉल बनतो कसा?

आजच्या भागाची ही लेखी आवृत्ती. ऐकताना निसटलेलं इथे निवांत वाचा.

परवा विश्रांतवाडीच्या घरातून गावी आजीला व्हिडिओ कॉल लावला. ती गुडघ्याची सूज दाखवत होती आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठलं. "काय रे, गेलास का?" एवढंच ऐकू आलं. समोर मी नसून डॉक्टर असते तर?

ही कल्पना नाही. कोविडच्या टाळेबंदीत, 13 एप्रिल 2020 ला, 'ई-संजीवनी ओपीडी' सुरू झाली. सी-डॅकच्या मोहाली केंद्राने ती बनवली. सी-डॅक म्हणजे आपल्या पुण्यात 1988 साली सुरू झालेली, 'परम'वाली संस्था. घरबसल्या डॉक्टर, तेही ब्राउझरमधून!

ब्राउझरला हे जमतं ते 'वेबआरटीसी'मुळे. गूगलने 2011 मध्ये हे तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं आणि जानेवारी 2021 मध्ये ते अधिकृत मानक झालं. वेगळं ॲप नको, फक्त लिंक उघडायची. आजीसाठी हेच महत्त्वाचं.

आता समजा, अशी सेवा तुम्हालाच बनवायची आहे. पहिलं काम, ओळख करून देणं. लग्न जमवणारे मध्यस्थ असतात ना, तसा एक सर्व्हर दोन्ही फोनना एकमेकांची माहिती देतो. याला 'सिग्नलिंग' म्हणतात. हा भाग वेबआरटीसी देत नाही, तो तुम्हीच लिहायचा.

दुसरं काम, पत्ता शोधणं. मोबाईल नेटवर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य फोन असतात. सोसायटीचा पत्ता माहीत आहे, पण फ्लॅट नंबर नाही, तशी गत. 'स्टन' सर्व्हर तुमचा फोन बाहेरून कसा दिसतो ते सांगतो. तरीही थेट रस्ता मिळाला नाही, तर 'टर्न' सर्व्हर मधे उभा राहून सगळा डेटा इकडून तिकडे पोचवतो. त्याचा खर्च होतो, म्हणून नवखे लोक तो टाळतात. मग ऑफिसच्या वायफायवर झकास चालणारा कॉल गावात लागतच नाही.

तिसरं, माणसं किती? दोघं असतील तर थेट जोडणी पुरते. पाच जण थेट जोडले, तर प्रत्येकाला आपलं चित्र चार वेळा पाठवावं लागतं. फोन तापतो, नेट दमतं. म्हणून मधे 'एसएफयू' सर्व्हर ठेवतात. तुम्ही एकदाच पाठवा, तो बाकीच्यांना वाटतो.

आणि सगळ्यात मोठा निर्णय: नेट कमी पडलं तर आधी काय सोडायचं? हिशोब बघा. 1 एमबीपीएसचं चित्र 15 मिनिटं पाठवलं तर सुमारे 112 एमबी लागतात. तेवढ्याच वेळाचा चांगला आवाज 5-6 एमबीत जातो. दिवसाला दीड जीबीचं पॅक असलेल्या घरात हा फरक जाणवतो. म्हणून आधी चित्र बारीक करा, मग बंद करा, पण आवाज शेवटपर्यंत धरून ठेवा. 'कुठे दुखतंय' हे निदान ऐकू तरी येईल.

शेवटची टीप: चाचणी फक्त टेबलावर करू नका. कॉल चालू ठेवून घरातून निघा, लिफ्टने उतरा, आळंदी रोडपर्यंत चाला. वायफाय सुटून मोबाईल डेटा लागतो, तेव्हा कॉल स्वतःहून पुन्हा जोडला गेला पाहिजे. तिथे टिकला, तर आजीकडे टिकण्याची आशा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर घरच्यांना एक कॉल लावाच!