पट्टा सोडायची घाई नको!

दिवाळीच्या फराळाची कढई गॅसवर चढली, की त्या निळ्या ज्योतीकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. चकली फसली तर भाजणीला दोष, लाडू बसला तर पाकाला! पण या ज्योतीसाठी माणसांची केवढी ये-जा चालू असते, हे आम्हा समुद्रावर नोकरी करणाऱ्यांना ठाऊक. मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, भर अरबी समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने तिथे तेल शोधून काढले आणि १९७६ पासून ते वर येऊ लागले. तिथला वायू समुद्रतळावरच्या नळांतून उरणला पोहोचतो. माणसे मात्र जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने जातात. चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी, अशी आमची पाळी.

मी उपकरणे सांभाळणारा इंजिनियर. या नोकरीत हेलिकॉप्टरची जागा मिळण्याआधी एक परीक्षा द्यावी लागते. खोट्या हेलिकॉप्टरमध्ये पट्ट्याने बांधून तुम्हाला पाण्यात बुडवतात, वर उलटे करतात, आणि मग म्हणतात, ‘आता या बाहेर!’ मी हे प्रथम घरी सांगितले, तेव्हा आई म्हणाली, “अरे, उडायचे सोडून बुडायला कसले शिकवतात मेले!”

आईचे म्हणणे ऐकायला गमतीचे वाटते. पण २००३ च्या ऑगस्टमध्ये याच समुद्रात हेलिकॉप्टर कोसळून २७ जण दगावले. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेल्या हेलिकॉप्टरमधील सातही जण गेले. २८ जून २०२२ रोजी, ऐन पावसाळ्यात, ‘सागर किरण’ या रिगजवळ नऊ जणांना घेऊन आलेले हेलिकॉप्टर पाण्यात उतरले. त्यांतले पाच वाचले, चार गेले. असे आकडे ज्याने वाचले आहेत, तो ‘बुडायला’ मुकाट्याने शिकतो.

हेलिकॉप्टर उलटतेच का?

बोट पाण्यावर सरळ राहते, कारण तिचे वजन खाली असते. हेलिकॉप्टरचे नेमके उलट! त्याची इंजिने, दातेरी चक्रांची जड पेटी आणि वरचा पंखा, हे सारे ओझे डोक्यावर. खाली माणसांची खोली हलकी. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन एखादी बाई निसरड्या घाटावर उभी राहावी, तशी त्याची अवस्था. पाण्यात उतरताना फुगणारे तरंडे दोन्ही बाजूंना बसवलेले असतात. समुद्र शांत असेल, तर ते हेलिकॉप्टरला सावरून धरतात. पण लाट मोठी असली किंवा आदळ जोराचा झाला, तर यंत्र पाहता पाहता पालथे होते. आतला माणूस खाली डोके, वर पाय अशा स्थितीत पट्ट्याला लोंबकळू लागतो. नाकात पाणी शिरते, डोळ्यांपुढे नुसते बुडबुडे. वर कुठे आणि खाली कुठे, हेच कळेनासे होते.

या क्षणी माणसाचे मन एकच ओरडते: पट्टा सोड! आणि शिक्षणाचा सारा भर आहे तो हे मनाचे म्हणणे न ऐकण्यावर.

हौदातला पिंजरा

आमचे मास्तर नौदलातून निवृत्त झालेले, मालवणकडचे. उंचीने बेताचे, पण आवाज असा की हौदाचे पाणी हलावे! पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला कोरड्या खुर्च्यांवर बसवले आणि म्हणाले, “साहेबांनू, पाणी कोणाला लगेच मारत नाही. घाई मारते. एक हात खिडकीवर, दुसरा बक्कलवर. आणि सगळे हलायचे थांबेपर्यंत जागचे हलायचे नाही.”

एका हाताने खिडकीची कड पकडून ठेवायची, कारण पाण्याखाली डोळे निकामी ठरतात. तिथे स्पर्श हाच दिवा. आणि गंमत पाहा: हेलिकॉप्टर पुरते पालथे झाले, तरी तुमच्या उजव्या हाताची खिडकी उजव्या हातालाच राहते! जग उलटते, पण तुमचे आणि खिडकीचे नाते उलटत नाही. ते नाते हाताने धरून ठेवले, की वर-खाली कळले नाही तरी अडत नाही.

मग पट्टा आधी का सोडायचा नाही? मी हा प्रश्न विचारला, तेव्हा मास्तरांनी मला हौदात उतरवले आणि काठाला हात न लावता भिंत ढकलायला सांगितली. भिंत जागच्या जागी राहिली, मीच मागे गेलो! पाण्यात सुटा माणूस खिडकी ढकलू लागला, तर खिडकीऐवजी तोच ढकलला जातो. पट्ट्याने बांधलेल्या माणसाला मात्र जोर लावायला आधार असतो. म्हणून क्रम असा: हालचाल थांबू द्या, खिडकी ढकलून पाडा, तिची कड घट्ट धरा, मग बक्कल उघडा आणि हाताच्या ओढीने बाहेर पडा. जीवरक्षक जाकीट फुगवायचे ते बाहेर आल्यावरच.

दुपारी प्रत्यक्ष प्रयोग. हौदावर क्रेनला टांगलेला लोखंडी पिंजरा, आत खुर्च्या, खिडक्या, पट्टे. पाण्यात आधीच पाणबुडे दबा धरून बसलेले. आधी पिंजरा सरळच बुडवतात, मग पुढच्या खेपेला उलटा करतात. पाणी पोटऱ्यांवरून छातीपर्यंत चढले, मी शेवटचा श्वास भरून घेतला आणि जग फिरले. नाकात मिरचीची धुरी घेतल्यासारखी आग झाली. पण खिडकीची कड हातात होती. मनात आकडे मोजले, खिडकी ढकलली, बक्कल उघडले, आणि वर आलो. सारा प्रकार जेमतेम पंधरा-वीस सेकंदांचा. पण एवढी लांब सेकंदे मी आयुष्यात दुसरीकडे मोजली नाहीत.

सांगलीकडचा तरुण

आमच्या तुकडीत सांगलीकडचा एक तरुण होता. त्याला पोहता येत नव्हते. पहिल्याच बुडीत त्याने बक्कल उघडले आणि पिंजऱ्यात तो वाट चुकलेल्या माशासारखा फिरू लागला. पाणबुड्यांनी त्याला ओढून बाहेर काढले. काठावर टॉवेल गुंडाळून तो थरथरत बसला होता. “मला हे जमायचे नाही,” तो मला म्हणाला, “पण दाखला मिळाला नाही, तर हेलिकॉप्टर नाही. आणि हेलिकॉप्टर नाही, तर नोकरी नाही. धाकट्या बहिणीचे शिक्षण माझ्या पगारावर चालू आहे हो.”

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी त्याला कोरड्या खुर्चीवर बसवले, डोळे मिटायला लावले आणि वीस वेळा तेच करवून घेतले: हात खिडकीवर, हात बक्कलवर, थांब, ढकल, धर, सोड. एकविसाव्या वेळी म्हणाले, “आता हेच पाण्यात.” तो गेला. आम्ही सारे काठावर श्वास रोखून उभे. आधी खिडकी पडलेली दिसली, मग एक हात, मग त्याचे डोके! वर येताच तो खोकत खोकत हसत होता. पोहणे त्याला त्या दिवशीही येत नव्हते. पण क्रम येत होता.

जगाने शिकलेले धडे

ही विद्या नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने वैमानिकांसाठी उतरत्या रुळांवरून हौदात घसरून उलटणारी गाडी तयार केली. व्यंगचित्रांतल्या डिल्बर्ट नावाच्या वेंधळ्या वैमानिकावरून तिचे नाव पडले. पुढे हेलिकॉप्टरे आली, तसे अनेक आसनांचे पिंजरे आले.

मार्च २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत एक हेलिकॉप्टर उतरले आणि उलटले. उघड्या दारातून फोटो काढता यावेत, म्हणून पाच प्रवाशांना पाठीमागून बांधून ठेवणारे पट्टे घातले होते. ते त्यांना सोडवता आले नाहीत. पाचही जण बुडाले, वैमानिक वाचला. म्हणजे पट्टा घाईने सोडू नये हे खरे, पण तो आपल्या हाताने सुटणारा हवा, हेही तितकेच खरे.

ब्रिटनच्या उत्तर समुद्रात पाणी इतके गार, की अंगाला लागताच माणूस नकळत धाप टाकतो आणि रोखलेला श्वास सुटतो. २०१३ साली शेटलंडजवळ हेलिकॉप्टर कोसळून चार जण गेले. त्यानंतर तिथे प्रवाशांना पाण्याखाली काही काळ श्वास पुरवणारे छोटे साधन देणे सक्तीचे झाले. २०१५ पासून तर खांद्यांची मापेही घेतात! ५५.९ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद खांद्यांच्या माणसाला मोठ्या खिडकीजवळचीच जागा मिळते. लग्नाच्या कोटासाठी शिंप्याने घेतलेले माप चुकले तर कोट उसवता येतो. इथे ती सोय नाही.

आपल्याकडेही ६ फेब्रुवारी २०२४ रोजी गोव्यात ओएनजीसीच्या सागरी बचाव प्रशिक्षण केंद्राचे उद्घाटन झाले.

घरच्या मंडळींसाठी

तुम्ही म्हणाल, आम्हाला याचा काय उपयोग? उपयोग आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये इथिओपियाचे एक अपहृत विमान इंधन संपून कोमोरो बेटांजवळ समुद्रात उतरले. कित्येक प्रवाशांनी जाकिटे विमानातच फुगवली. आत पाणी भरले, तेव्हा ती जाकिटेच त्यांना छताशी दाबून धरू लागली आणि दाराकडे जाता येईना. तेव्हा पुढच्या खेपेला विमानात ती मुलगी हातवारे करून सूचना देऊ लागेल, तेव्हा वर्तमानपत्र जरा खाली ठेवा. आपले दार कितव्या रांगेपुढे आहे ते मोजा. अंधारात किंवा धुरात डोळे चालणार नाहीत, रांगा हातांनी मोजाव्या लागतील. आपला पट्टा कसा सुटतो ते एकदा करून पाहा. मुलांना तो खेळ म्हणून शिकवा. ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

आमचा दाखला चार वर्षांचा असतो. मुदत संपली की पुन्हा हौद, पुन्हा पिंजरा, पुन्हा नाकात आग. कारण डोक्याला समजलेले हात विसरतात, आणि त्या वेळी कामाला येतात ते हातच.