गोळ्या चुकवा, पण डोकं लावून!

शूटिंग गेम म्हणजे पोराटोरांचं काम, तिशीनंतर बोटं साथ देत नाहीत, असा आपल्याकडे एक ठाम समज आहे. माझी तिशी उलटून 4 वर्षं झाली. दिवसभर एक्सेल शीट बघून डोळे शिणलेले असतात. तरीही रोज रात्री जेवणानंतर 20 मिनिटं मी स्क्रीनभर पसरलेल्या गुलाबी-जांभळ्या गोळ्यांतून वाट काढत असतो. 3 महिन्यांत दुसऱ्या स्टेजवरून थेट पाचव्या, म्हणजे शेवटच्या स्टेजपर्यंत पोचलोय. बोटं तीच आहेत, बदलली ती नजर!

हा सगळा प्रकार मूळचा जपानचा. 1978 मध्ये तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणला. एलियन कमी होत गेले की उरलेल्यांचा स्पीड वाढायचा. ही कुणाची खास आयडिया नव्हती बरं का, चित्रं कमी झाल्यामुळे मशीनलाच ती पटापट काढता यायची! 1993 मध्ये तोआप्लान कंपनीचा ‘बात्सुगुन’ आला आणि गोळ्यांचा अक्षरशः पाऊस सुरू झाला. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली, पण तिथल्या काही मंडळींनी ‘केव्ह’ नावाची नवी कंपनी काढली. 1997 चा ‘दोदोनपाची’ त्यांचाच. जपानीत या प्रकाराला ‘दानमाकू’ म्हणतात, म्हणजे गोळ्यांचा पडदा.

मी खेळतो तो केव्हचाच 2004 चा ‘मुशिहिमेसामा’. सोनेरी भुंग्यावर बसलेली रेको नावाची मुलगी आणि समोर अवाढव्य किडे. 2015 पासून तो कॉम्प्युटरवरही मिळतो, त्यामुळे त्यासाठी टोकियो गाठायची गरज नाही.

आता मेन फंडा. पडद्यावर गोळ्या शेकड्यांनी असल्या, तरी तुम्हाला मारू शकणारा भाग एवढासाच असतो. चित्रात भुंगा मोठा दिसतो, पण गोळी लागते ती मधल्या काही पिक्सेलनाच. पंखाला गोळी चाटून गेली तरी तुम्ही जिवंत! हे एकदा मनाला पटलं की घाबरून इकडेतिकडे पळणं आपोआप कमी होतं.

दुसरी गोष्ट, गोळ्या ओळखा. ढोबळमानाने त्या 3 जातींच्या. काही तुमच्यावर नेम धरून येतात, काही ठरलेल्या नक्षीत सुटतात आणि काही कशाही. नेमाच्या गोळ्या तुम्ही सुटताना जिथे होतात तिथे जातात. त्यामुळे लांब उडी मारू नका. एका दिशेला हळूहळू, टिचक्या दिल्यासारखे सरकत राहा, गोळ्यांची रांग तुमच्या मागून निघून जाईल. कडेला पोचलात की एकच मोठी झेप घ्या. रांगेत फट पडते, त्यातून परत फिरा.

पंख्यासारख्या पसरणाऱ्या गोळ्यांचं गणित तर आणखी भारी. पंखा तुमच्यावर रोखलेला असेल आणि गोळ्या 3 किंवा 5 असतील, तर मधली गोळी सरळ तुमच्यावर येते, तेव्हा किंचित बाजूला व्हा. 2 किंवा 4 असतील तर तुम्ही आधीच फटीत उभे असता. तिथे हललात की मेलात! काहीही न करणं हेसुद्धा एक स्किल आहे, हे मला कुठल्याही मॅनेजमेंट ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरी गोष्ट बॉम्बची. अडचणीत सापडलं की बटण दाबायचं, पडदा साफ. तरी नवखे खेळाडू ‘पुढे लागेल’ म्हणून तो जपून ठेवतात आणि बॉम्ब खिशात ठेवूनच मरतात. कंपनीतल्या शिल्लक रजांसारखं! त्यापेक्षा कुठल्या जागी बॉम्ब टाकायचा हे आधीच ठरवा. माझ्या वहीत प्रत्येक स्टेजच्या अशा जागा लिहिलेल्या आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, उत्तम खेळाडू कमी चुकवतो. शत्रू कुठून येणार हे त्याला पाठ असतं, तो आधीच तिथे जाऊन उभा राहतो आणि गोळी सुटायच्या आत समोरच्याला उडवतो. आपल्याला बघताना वाटतं, काय रिफ्लेक्सेस आहेत यार! प्रत्यक्षात असतो तो अभ्यास. म्हणून पहिल्यापासून पुन्हापुन्हा खेळण्यापेक्षा अडलेली स्टेजच प्रॅक्टिस मोडमध्ये घासा.

आणि ‘कंटिन्यू’चा मोह टाळा. पैसे टाकत राहिलं की शेवट कुणालाही दिसतो. जपानी आर्केडमध्ये मान मिळतो तो एका नाण्यात गेम संपवणाऱ्याला. माझा शेवटचा बॉस अजून बाकी आहे. दर वेळी पुन्हा पहिल्या स्टेजपासून सुरुवात करावी लागते आणि ते मनापासून करता येणं हीच माझी खरी कमाई. ऑफिसात एकाच वेळी 10 मेल आदळले की हल्ली मी आधी बघतो, यातले माझ्यावर नेम धरून आलेले नेमके किती? बहुतेक वेळा दोनच असतात.

तेव्हा दोस्तांनो, रिफ्लेक्सेसचं टेन्शन सोडा. आज रात्री 20 मिनिटं काढा आणि सुरुवातीला फक्त एवढंच करा : समोर गोळ्या दिसल्या की हलण्याआधी त्या मोजा.