उंबरातली बिऱ्हाडं

परळ, लालबाग, गिरगाव, कुठेही जा, एखादा उंबर भेटतोच. खोडालाच लगडलेली फळं, खाली चिरडलेल्या फळांचा चिकट सडा, आणि गाडीच्या टपावर डाग पडले म्हणून सोसायटीकडे तक्रार करणारा निदान एक रहिवासी. त्यातलं फळ उचलून नखानं फोडलं की बऱ्याचदा आत बारीक किडे वळवळतात. 'किडकं निघालं' म्हणून आपण ते टाकून देतो. पण हे किडे नसते तर उंबराला बीच धरली नसती.

उंबराचं फळ म्हणजे आतल्या बाजूला फुललेला फुलांचा गुच्छ. शेकडो इवली फुलं आतल्या भिंतीला चिकटलेली असतात, म्हणून तर उंबराचं फूल कुणाच्या दृष्टीस पडत नाही. आत जायला टोकाशी एकच छिद्र, तेही खवल्यांनी जवळजवळ बंद. त्यातून दोनेक मिलिमीटरची, गांधीलमाशीच्या नात्यातली एक मादी अंग घासत शिरते. तिचं शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. वाट इतकी चिंचोळी की पंख बहुधा तिथेच तुटतात. परतीचा प्रश्नच मिटला! आणलेले परागकण ती फुलांवर सोडते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. काही आठवड्यांनी आधी नर जन्मतात. त्यांना पंख नसतात. अजून फुलांच्या खोल्यांतच असलेल्या माद्यांशी मीलन करायचं, फळाच्या भिंतीला भोक पाडायचं, की त्यांचं आयुष्य संपलं. माद्या पराग घेऊन त्या भोकातून उडतात. एकेका फळात अशी चाळभर बिऱ्हाडं नांदतात, आणि जागा सोडायची वेळ आली की सगळ्यांना एकदमच सोडावी लागते.

बाहेर पडलेल्या मादीच्या हाती असतात जेमतेम एक-दोन दिवस. तेवढ्यात तिला दुसरा उंबर गाठायचा असतो, आणि त्याची फळं तेव्हा कोवळीच हवीत. एका झाडाची फळं सहसा बरोबरीनं पिकतात, त्यामुळे शेजारच्या फांदीवर भागत नाही. म्हणजे लालबागच्या उंबराचा संसार शिवडी, दादर, भायखळ्याच्या उंबरांवर अवलंबून, आणि त्या सगळ्यांनी एकाच महिन्यात फळून चालत नाही. वडाची माशी वेगळी, पिंपळाची आणखी वेगळी. एक झाड पडलं की आपण एक झाड मोजतो. माशीच्या हिशेबात मुक्कामाचं एक ठिकाण गेलेलं असतं.

म्हणून 'देशी झाडं लावा' ही मोहीम मला भावनेपेक्षा हिशेबाची वाटते. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेतला. ते तोडा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दुपारी त्यांच्या सावलीत बसून पाहा, म्हणजे कळेल. पण एकाच जातीवर भिस्त ठेवली की काय होतं, तेही मुंबईनं पाहिलंय. गेल्या दशकात पिठ्या ढेकणानं शहरातले रेन ट्री रांगेनं वाळवले.

याच्या उलट, अनेक जाती एकत्र लावण्याचा प्रयोग दादरहून फार लांब नाही. धारावी बस डेपोसमोर, मिठीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, सदतीस एकरांचं. १९७७ पर्यंत तिथे शहराचा कचरा पडत असे. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेनं कल्पना मांडली, एमएमआरडीए या विकास प्राधिकरणानं ती उचलली, कचऱ्यावर माती चढली, झाडं लागली आणि १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं. आज आत गेलं की पायाखाली कचरा आहे हे सांगूनही पटत नाही. तिथली रोपवाटिका, शाळकरी मुलांच्या सहली, बी गोळा करून आणणारी हौशी मंडळी ही या प्रयोगाची माणसांची बाजू. दुसरी बाजू बिनपगारी. फळांवर आलेले बुलबुल, कोकीळ, रात्रीची वटवाघळं बिया पोटातून नेतात आणि पुढची लागवड आपल्या मर्जीनं करतात. गिरगावातल्या चाळीच्या पन्हळीत पिंपळ कुणी लावला, तर यांनीच. तो भिंत फोडतो म्हणून काढावाच लागतो. पण मुळासकट सोडवून कुंडीत लावता येतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

बियांचीही आपली तऱ्हा असते. बहाव्याची काळी, हातभर शेंग फोडा: आत पातळ पडद्यांचे कप्पे, प्रत्येकात काळा चिकट गर आणि एक चपटी, गुळगुळीत बी. ती तशीच पेरली तर महिनोन्‌महिने ढिम्म हलत नाही, कारण कवच पाणी आत घेत नाही. रानात माकडं, कोल्हे गर खातात आणि त्यांच्या पोटात कवच झिजतं. लालबागमध्ये कोल्हा कुठून आणणार? म्हणून रोपवाटिकेत बी पॉलिश पेपरवर घासतात किंवा गरम पाण्यात भिजवतात.

आणि इथलं मूळचं झाड कोणतं, हे ठरवायचं कसं? झेवियर कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये १९०६ पासून जमवलेली वाळलेली रोपं कागदांवर चिकटवून ठेवली आहेत, कुठून आणि कधी आणली त्या नोंदींसह. राणीच्या बागेत जुनी झाडं जिवंत पाहायला मिळतात. २००७ मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयाचा कायापालट ठरला, तेव्हा झाडांसाठी नागरिक उभे राहिले आणि वर्षानुवर्षं कागदपत्रं घेऊन झगडले.

आपली भक्तीही तपासायला हवी. वटपौर्णिमेला दादरच्या बाजारात वडाच्या फांद्या तोडून विकायला येतात. झाडाची पूजा झाडाच्याच तुकड्यांनी! दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं घरी येतात, आणि कुणी हू की चू करत नाही.

उंबर फुटपाथवर नको, हे गाडीवाल्याचं म्हणणं खोटं नाही. परळमध्ये हाफकिन संस्था, पशुवैद्यकीय महाविद्यालय अशी मोठी आवारं आहेत. तिथे फळं पडली तर कुणाचं काही बिघडत नाही. रस्त्यावर करंज, ताम्हण लावावेत, आणि झाडाभोवती पेव्हर ब्लॉक नसलेली मीटरभर माती सोडावी. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीला हेच बजावलं होतं. सोसायटीच्या सभेत कंत्राटदाराला तेवढं सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत.