विश्रामबागवाड्यातली पाठशाळा : प्रवेश कोणाला, पैसा कोणाचा?

मंडळी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथे अकरावीच्या याद्या लागल्या की आपण सगळेच एक भाषा बोलायला लागतो. कटऑफ, इनहाऊस, अल्पसंख्याक कोटा, व्यवस्थापन कोटा. जागा राखून ठेवणं ही अलीकडची गोष्ट आहे, असा आपला समज असतो. पण आपल्याकडचं अगदी सुरुवातीचं एक सरकारी कॉलेज शंभर टक्के राखीव होतं, आणि ते ब्राह्मणांसाठी होतं. त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

पेशवाईत श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटली जायची. दूरदूरचे ब्राह्मण त्यासाठी येत. १८१८ मध्ये राज्य गेलं. ही दक्षिणा एकदम बंद केली तर पुण्यातला सगळ्यात वजनदार वर्ग बिथरेल, याची एल्फिन्स्टनला धास्ती होती. म्हणून त्याच निधीतला काही भाग वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात पाठशाळा सुरू झाली. इंग्रज तिला हिंदू कॉलेज म्हणत. वेद, न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष असे विषय, शिकवणारे शास्त्री, आणि विद्यार्थी ब्राह्मणच.

आता इथे जरा थांबा. दार फक्त शास्त्रीबुवांनी बंद ठेवलं, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण संस्था सरकारची होती, पैसा सरकारी खजिन्यातला होता आणि त्या खजिन्यात भर पडायची ती मुख्यतः कुणब्याच्या शेतसाऱ्याची. खुद्द एल्फिन्स्टनने आपल्या शिक्षणविषयक टिपणात लिहून ठेवलंय की खालच्या जातींची मुलं उत्तम विद्यार्थी ठरतात असं मिशनऱ्यांना दिसतं; तरी त्यांच्यापासून सुरुवात करू नये, नाहीतर शिक्षण त्यांच्यापलीकडे पसरणारच नाही. म्हणजे गुणवत्ता नाही, असं कारण कुणी दिलेलंच नव्हतं. कारण होतं सोयीचं.

पाठशाळेतून माणसं चांगली निघाली, हेही खरं. कृष्णशास्त्री चिपळूणकर तिथलेच. पण १८४९ मध्ये लोकहितवादी आणि इतर काही तरुणांनी अर्ज केला, की दक्षिणेतला काही पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांना द्या. पुण्यात केवढा गहजब! त्या वेळी जोतीराव फुल्यांनी अर्जदारांच्या संरक्षणाला माणसं उभी केली, असं चरित्रकार सांगतात. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८५२ मध्ये, त्याच विश्रामबागवाड्यात मेजर कँडींच्या हस्ते सरकारने फुल्यांना शाल दिली, मुलींच्या शाळा काढल्याबद्दल. शाल देणारं सरकार आणि तीस वर्षं ती पाठशाळा चालवणारं सरकार एकच.

बरं, कॉलेजचं दार उघडलं तरी तिथवर पोचायला आधी शाळा लागते ना? १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. मुंबई सरकारने उत्तर दिलं त्याचा आशय असा : न्याय तुझ्या बाजूने आहे, पण तुला घेतलं तर बाकीचे शाळा सोडून जातील, सबब नाही. नकाराचं हे वळण नीट लक्षात ठेवा. आजही कधी कधी ते कानावर येतं, फक्त शब्द वेगळे असतात.

पूना कॉलेजचं १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज झालं, १८६८ मध्ये ते येरवड्याच्या इमारतीत गेलं, १९३४ मध्ये बंद पडलं आणि १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभं राहिलं. ही संस्था आज आपली स्थापना १८२१ चीच सांगते. त्यामुळे जुनी पाठशाळा बंद झाली असं कुठे वाचायला मिळत नाही. ती नाव बदलत गेली, एवढंच. आणि तिचा प्रवेशाचा नियमही त्या नावांच्या खाली गाडला गेला.

नियम गेला म्हणून माणसं आत आली का? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी निवेदन दिलं. रयतेच्या करावर वरच्या वर्गाचं उच्च शिक्षण चालतं, ही त्यांची तक्रार होती. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी होती. आणि महार-मांगांसाठी वेगळ्या शाळा काढा, असंही त्यांनी मागितलं, कारण जातीच्या पूर्वग्रहामुळे असलेल्या शाळांत त्या मुलांना इतरांबरोबर बसूच देत नव्हते.